साठ निळी कासवं

बीडहून थेरगावात आल्यापासून दिव्याशी कुणी खेळत नव्हतं. तिचं 'का'ऐवजी 'कामून' ऐकलं की गल्लीतल्या पोरी फिदीफिदी हसायच्या, आणि ती घरात येऊन गप्प बसायची. आठ वर्षांच्या पोरीनं असं मुकं व्हावं, हे तिच्या बापाला, सुजितला, बघवत नव्हतं.

मग चिप्सच्या पुड्यांतून ती प्लास्टिकची जनावरं यायला लागली आणि अख्ख्या गल्लीला वेड लागलं. चोवीस जनावरांचा संच. तेवीस कुणाकडंही सापडायची, निळं कासव मात्र एकट्या तेजलकडं. पोरी दिवसभर अदलाबदली करायच्या, कचाकचा भांडायच्या, पुन्हा गोड व्हायच्या. दिव्याकडं माकडं तीन निघाली, म्हणून तिलाही दारात हाका यायला लागल्या. पोरगी जेवताना बडबडायला लागली, सुजितचा जीव भांड्यात पडला.

एका रविवारी दोन माकडं तेजलकडं ठेवून तिनं ते कासव दिवसापुरतं घरी आणलं.

"पप्पा, मला असं एक पाहिजे."

झालं! सुजित निघोज्याच्या एका वर्कशॉपात गाड्यांच्या प्लास्टिक पार्टचे साचे बनवायचा. त्यानं व्हर्नियर लावून कासवाची पाठ मोजली, आणि जेवणाची सुट्टी मोडून पंधरा दिवसांत भंगारातल्या लोखंडात साचा कोरला.

आता साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबणाऱ्या मशीनचं कसं असतं, पहिले वीसेक पीस वेडेवाकडेच पडतात. ते नीट तापलं की मग एकामागोमाग एक सुरेख माल निघतो. पहिलं चांगलं कासव पडलं तिथंच यानं बटण दाबायला हवं होतं. पण लायनीवर आलेलं मशीन एका पीसवर थांबवायचं, हे कामाच्या बारा वर्षांत त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. साठ निघाली. चांगला माल पुन्हा वितळवण्यासाठी दळायला टाकणं जिवावर आलं, म्हणून पिशवी भरून घरी आणली.

"सगळ्यांना वाट," तो म्हणाला. "कुणी रुसायला नको."

दिव्यानं वाटली. त्या दिवशी तिच्याएवढं लाडकं गल्लीत कुणी नव्हतं.

आठवड्यात खेळ आटोपला. ज्याच्यासाठी पुडे फोडायचे तेच प्रत्येकीच्या मुठीत, मग फोडायचे कशाला? अदलाबदलीला कुणी येईना, भांडायलाही येईना. हत्ती, माकडं गटारात गेली. ताडून बघताना तेजलचं खरं कासव त्या साठांत मिसळलं आणि तिचं तिलाच ओळखू येईना. ती ओक्साबोक्शी रडली. त्या संध्याकाळपासून पोरी दिव्याला 'डुप्लिकेट' म्हणायला लागल्या, आणि पुढं तेवढंही म्हणेनात.

सुट्टीच्या दिवशी सुजित तिच्याजवळ जाऊन बसला.

"दुसरं काही बनवू का गं? वाघ बनवू?"

"नको पप्पा," ती म्हणाली. "परत सगळ्यांना देताल तुम्ही."