बिनजनुकाचे मासे

सरांनी एका जनुकावर जन्म काढला होता. झेब्रा माशाच्या पिल्लांत ते जनुक गप्प केलं, की त्यांच्या अंगात सोडलेला कॅन्सर पसरत नाही, हा त्यांचा शोध. गप्प करायचं औषध अंड्यात टोचायचं. परिणाम दिसला नाही तर डोस वाढवायचा. दिसेपर्यंत.

त्यांची विद्यार्थिनी आठ वर्षं टोचत होती. "एवढी वर्षं मासे पाळतेस," सासूबाई म्हणत, "एक तरी ताटात आला का?" ताटात नाही, पण पदवी तरी यायला हवी होती. तिला सरांची सही लागत होती.

शेवटच्या वर्षी तिने नव्या पद्धतीने ते जनुक कायमचंच कापून टाकलं. बिनजनुकाची पिल्लं टुणटुणीत निघाली आणि कॅन्सरही त्यांच्यात मजेत पसरला.

"हात चुकला असेल तुझा," सर म्हणाले.

मग तिने नको तो शहाणपणा केला. जुनं औषध बिनजनुकाच्या अंड्यांत टोचलं. गप्प करायला आत कुणी नव्हतंच. तरी पिल्लं वाकडी झाली आणि कॅन्सर थांबला. म्हणजे इतकी वर्षं जनुकाचा काही संबंधच नव्हता. औषधच विषारी होतं.

सरांनी आकडे दोनदा पाहिले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"कुणाला दाखवलंस?"

"तुम्हालाच, सर."

"शहाणी आहेस. असं कर, ती बिनजनुकाच्या माशांची टाकी रिकामी कर. जागेची अडचण आहे. सही करून ठेवतो."

"आणि परीक्षकांनी विचारलं तर?"

"अगं, मासे मरतात. मासेच ते."

तिने टाकीत भुलीचं औषध मरणाच्या मात्रेत ओतलं आणि शेवटचा मासा थांबेपर्यंत नियमाप्रमाणे घड्याळ लावून उभी राहिली.

तोंडी परीक्षेत प्रश्न आलाच. "जनुक कायमचं कापून पाहिलं नाहीत?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"पाहिलं," ती म्हणाली. "पिल्लं तगली नाहीत."

"तगलीच नाहीत?" परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "अहो, म्हणजे या जनुकावाचून जगताच येत नाही! आणि हे प्रबंधात नाही?"

"फार संकोची आहे हो ती," सर म्हणाले.

परीक्षकांनी एकच दुरुस्ती सुचवली: या निष्कर्षाचं स्वतंत्र प्रकरण करावं. प्रकरणाला आलेख लागतो, आलेखाला आकडे. सुट्टीच्या दिवशी टेबलाशी बसून तिने ते तयार केले. पहिल्या दिवशी किती पिल्लं मेली, दुसऱ्या दिवशी किती. पाचव्या दिवशी तिने एकही शिल्लक ठेवलं नाही.