कुंकवानं माझं बिंग फोडलं

घाबरू नका. मी पिस्तूल आहे हे खरं, पण गेल्या दीडशे वर्षांत माझ्या तोंडून आवाज निघालेला नाही. आज निघतोय तो फक्त गप्पांचा.

माझा जन्म मास्ट्रिख्टच्या एका कारखान्यातला. त्याला आता अडीचशे वर्षं होत आली. मी ठासणीचा. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, चाप ओढायचा, की घोडा खाली आदळायचा. त्याच्या दातांत धरलेली गारगोटी पोलादावर घासून ठिणगी उडायची, बाजूच्या वाटीतली रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू, पेटायची आणि मग मी गरजायचो. रंजक ओली झाली की मात्र गप्प बसायचो. हॉलंडच्या हवेत हे किती वेळा घडलं असेल, तुम्हीच समजा. माझ्या पहिल्या मालकानं, एका घोडेस्वारानं, मला उभ्या जन्मात एकदाच रोखलं, एका बदकावर. बदक वाचलं.

पुढे घोड्याच्या ठोक्यानं पेटणाऱ्या, तांब्याच्या इवल्याशा टोपीवर चालणारी पिस्तुलं आली. तेव्हाच्या मालकानं माझी वाटी उपटली, गारगोटीचा घोडा फेकला आणि नळीला भोक पाडून टोपीसाठी चोच बसवली. मी नव्या फॅशनचा झालो आणि थोड्याच वर्षांत पुन्हा जुन्या फॅशनचा. मग शंभर वर्षं एका टेबलाच्या खणात.

त्या खणातून मला हार्लेमच्या विलम नावाच्या घड्याळजीनं बाहेर काढलं. त्याला वाटलं, हा जन्मला तेव्हा कसा दिसत असेल? एक अख्खा हिवाळा कानस घासत त्यानं मला नवा घोडा आणि नवी वाटी घडवली. चोच काढून नळीच्या बाजूचं ते भोक लोखंडानं बुजवून इतकं गुळगुळीत केलं की माझं मीही विसरलो. विलम गेला, त्याचा मुलगा गेला. शेवटी त्याच्या सुनेनं घर आवरायला काढलं आणि मी वसुधाच्या हाती आलो.

वसुधा आठ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, जयेशच्या, व्हिसावर हॉलंडमधल्या डीमन गावी आली. पहिलं वर्ष तिनं खिडकीतून ट्राम बघण्यात काढलं. मग बाजारांतून जुनी घड्याळं, पितळी तराजू आणून, घासूनपुसून ती विकायला लागली. आता तिची स्वतःची वेबसाइट आहे. शस्त्र म्हणून मी पहिलाच. नियम काय आहेत ते आधी विचारून, माझी पेटी तिनं घरी आणली आणि वेबसाइटवर लिहिलं, ‘अठराव्या शतकातलं पिस्तूल. मूळ स्थितीत. कुठलाही बदल नाही.’ तिला तसंच सांगितलं गेलं होतं, तिनं विश्वासानं लिहिलं. चारच दिवसांत रुलॉफ नावाच्या संग्राहकाचा निरोप आला: शनिवारी बघायला येतो, मूळ स्थितीतलं असेल तर घेतोच.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या.

“वसुधा, घरात शस्त्र असताना पूजा नाही म्हणजे काय?”

“आई, ते विकायचंय हो.”

“मग विकायच्या आधी कर!”

“दरवर्षी लॅपटॉप आणि सायकलवर भागवतो आपण,” जयेश म्हणाला, “या वर्षी खरं शस्त्र मिळालंय.” त्यानं मला पाटावर ठेवून पाणी शिंपडलं आणि हळद-कुंकू अगदी सढळ हातानं फासलं. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटमधली शेवंती वाहिली. खरं सांगू? इतका मान मला कारखान्यातही मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधानं मला पुसलं. सगळं निघालं, पण नळीच्या बाजूला एक बारीक लाल गोल राहिला.

“जयेश, हे बघ. हे काय आहे?”

“नीट पुसलं नाहीस.”

“तीनदा पुसलंय.”

तिनं भिंग आणलं. केसाएवढ्या फटीत कुंकू जाऊन बसलं होतं. सत्तर वर्षं कुणाला न दिसलेलं भोक आता टिकलीसारखं उठून दिसत होतं.

“रुलॉफला कुठे दिसणार आहे? तेल लाव, जाईल,” जयेश म्हणाला.

“रंग जाईल. भोक कुठे जाईल?”

जयेशनं भिंग घेऊन स्वतः पाहिलं. मग म्हणाला, “जाणकाराला दाखवू या. मी सुट्टी टाकतो.”

दोघं मला पेटीत घालून मेट्रोनं जवळच्याच झुइडओस्ट भागात मरायकाबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी संग्रहालयात धातूच्या वस्तू सांभाळण्यात हयात घालवलेली. त्यांनी मला नाकाशी धरलं.

“हळद?”

वसुधा लाजली. बाईंनी तीन स्क्रू काढून माझी चाप-घोड्याची यंत्रणा उघडली, आतली पट्टी उजेडात धरली आणि मोठ्यानं हसल्या. आत सुईनं कोरलं होतं: ‘हा घोडा आणि ही वाटी मी, विलमनं, १९५१ साली केली. कुणी जुनी म्हणून विकू नये.’

“म्हणजे हे बनावट आहे?” वसुधानं विचारलं.

“फसवणारा माणूस सही करत नाही. नळी खरी, मूठ खरी, आतली अर्धी यंत्रणा खरी. बाकी विलम.” बाईंनी दाखल्यावर माझे तिन्ही जन्म लिहिले.

घरी येताच वसुधानं वेबसाइटवरचा मजकूर बदलला आणि रुलॉफला स्वतः फोन केला.

“मी चुकीचं लिहिलं होतं. त्यात बदल झालेले आहेत, दोनदा.”

“मग मी येत नाही,” तो सरळ म्हणाला. फोन ठेवता ठेवता मात्र थांबला. “पण बोलावून न घेता आधी सांगितलंत, हे बरं केलंत.”

त्या संध्याकाळी जयेशनं पोहे केले. वसुधानं ते अर्धे तसेच ठेवले. मला वाईट वाटलं. आपल्यामुळे घर गप्प होतं, हे पिस्तुलालाही सोसत नाही.

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. मग वस्तुजतन शिकवणाऱ्या हेस्टर नावाच्या शिक्षिका दारात उभ्या राहिल्या.

“खरी वस्तू मिळते, खोटीही मिळते,” त्या म्हणाल्या. “एकाच अंगावर दोन्ही, आणि उत्तर आत लिहिलेलं, असं मला आजवर मिळालं नव्हतं.”

रुलॉफकडून मिळाली असती त्यापेक्षा किंमत कमी आली. पण हेस्टरबाईंनी वसुधालाच वर्गावर बोलावलं. डच, इंग्रजी आणि मधूनच एखादा ‘अगं’ मिसळत ती तासभर बोलली. मुलं टिपून घेत होती. मागच्या बाकावर जयेश सगळ्यांत ताठ बसला होता.

आता मी या वर्गातच असतो. दर सहामाहीला नवी मुलं भिंगं घेऊन माझे दोष शोधतात आणि सापडले की टाळ्या पिटतात. दोष सापडल्यावर टाळ्या मिळणारा दुसरा कुणी तुम्हाला माहीत आहे का?

एकच सांगणं आहे. जुनी वस्तू विकाल तेव्हा तिची ठिगळंही सांगा. आम्हाला त्यांची लाज वाटत नाही. ती लावणारे हातही आमच्याच माणसांचे होते.

बरं, आवरतो. आज पाच मुलांनी मला उघडून पुन्हा जोडलंय, आणि टेबलावर एक स्क्रू उरलाय. पाचही जण एकमेकांकडे बघताहेत.