सायलस व्हेदरबी, एक मत

मी एक पेटी बोलतेय. महोगनी लाकडाची, चामडी पट्ट्यांनी आवळलेली, वॉशिंग्टनच्या संसदेतली. माझ्यात कुणी कधी दागिने ठेवले नाहीत. पण राष्ट्राध्यक्ष कोण, ते माझ्याच पोटातून बाहेर पडतं.

लोक मतं देतात तेव्हा मला काही काम नसतं. मागाहून प्रत्येक राज्यात, लोकांनी याच कामासाठी निवडलेले प्रतिनिधी एकत्र बसतात, राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा त्याचं नाव कागदावर लिहितात आणि लाखेनं बंद करून इथे धाडतात. ते लखोटे माझ्यात भरून दोघं जण मला एका सभागृहातून दुसऱ्यात नेतात. मागून सगळे सिनेटर रांगेनं, वरातीसारखे. फरक एवढाच की या वरातीत कुणी हसत नाही, आणि माझ्या तरुणपणी तर निम्मे तंबाखू चघळत असायचे.

त्या घोडागाड्यांच्या काळात एकदा सायलस व्हेदरबी नावाचा उमेदवार हरला, आणि प्रतिनिधींनी कागद लिहिण्याआधीच वारला. त्यानं जिंकलेल्या थोड्या राज्यांतल्या प्रतिनिधींनी आपापली मतं जिवंत माणसांना देऊन टाकली. एकट्या ओबाडाया क्रँडलनं तसं केलं नाही. मित्राला त्यानं आजारपणात शब्द दिला होता. त्यानं मेलेल्या मित्राचंच नाव लिहिलं.

मोजणीच्या दिवशी मला दाराबाहेरच्या बाकावर टेकवलं होतं. क्रँडल तिथे येऊन उभा राहिला. मागोमाग सायलसची मुलगी लव्हिनिया आली, काळ्या कपड्यांत.

"क्रँडलकाका, तो कागद मागे घ्या."

"लाख लागली, पोरी. आता नाही घेता येत."

"निवडणुकीनंच खाल्लं बाबांना. आता त्यांच्या नावावर ही माणसं हसणार."

"हसू देत. मी त्याला म्हटलं होतं, माझं मत तुझंच."

"मरणाऱ्या माणसाला आपण काहीही म्हणतो, काका."

"हो, पण तो ऐकत होता ना," क्रँडल म्हणाला.

आत एकेक लखोटा फुटू लागला. इथे प्रत्येक कागद मोठ्यानं वाचतात. हरकत घ्यायची ती वाचून झाल्यावरच. त्यामुळे तेही वाचावं लागलं: "सायलस व्हेदरबी, एक मत."

"शपथ घ्यायला थडग्यातून येणार का हो?" मागून कुणीतरी ओरडलं.

"लांबलचक बग्गी पाठवा, शवपेटी मावली पाहिजे!"

हशा पिकला, आणि मधेच विझला. सायलस याच सभागृहात वर्षानुवर्षं बसलेला. हजेरीला नाव पुकारलं की उठून उभा राहायचा. हसता हसता सगळ्यांच्या माना त्याच्या जुन्या बाकाकडे वळल्या. तिथे कुणी नव्हतं. पण बाक करकरला. मी लाकूड आहे, मला लाकडाचं कळतं. अंगावरून कुणी उठलं की ते तसं करकरतं.

हरकत आली. दोन्ही सभागृहं वेगळी बसली. एक म्हणालं, मोजा. दुसरं म्हणालं, मेलेल्याला मत कसलं? एकमत झालं नाही म्हणून मत बाद झालं. बेरीज झाली, विजयी नाव जाहीर झालं, टाळ्या वाजल्या.

वरच्या सज्जात लव्हिनिया ताडकन उभी राहिली. "हसताना धरलंत त्यांना, आणि मोजताना सोडलंत?"

"शू! बाई, खाली बसा," शिपाई म्हणाला.

"पोरी, तूच म्हणत होतीस ना, मागे घ्या म्हणून?" शेजारी बसलेल्या क्रँडलनं विचारलं.

"तेव्हा त्यांना बोलावलं नव्हतं, काका. आता बोलावलंय."

पुढे काही वर्षांनी क्रँडल गेला, मग लव्हिनियाही गेली. मला अजून दर चार वर्षांनी मिरवतात, फोटो काढतात. सगळे लखोटे निघाले की कुणीतरी आत हात फिरवून बघतं, काही राहिलं तर नाही ना. "रिकामी आहे," म्हणतात आणि हात चटकन बाहेर काढतात. बोटं गार का पडली, ते कुणी बोलत नाही.

माझं एकच मागणं आहे. नाव पुकारलं म्हणून तो उठला. पुढे काय झालं, ते त्याला कुणी सांगितलंच नाही. तो अजून उभाच आहे. पुढच्या खेपेला टाळ्या थांबल्या की दार ओढण्याआधी कुणीतरी एवढंच म्हणा, सायलस, झालं रे. बस आता.