चार शतांश

तुल्लियोने पिस्तूल कानाशी धरून हलवलं. आतून खडखड ऐकू आली. त्याने ते टेबलावरच्या मेणकापडावर ठेवलं आणि मक्याच्या पोलेन्ताची थाळी पुढे ओढली.

"कितव्यांदा आता?" नीवेसने विचारलं.

"सकाळपासून सहाव्यांदा. म्हटलं, दमून गप्प बसेल."

नीवेसला हसू आलं नाही. ती जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून वडिलांकडे आली होती. कारखान्यात या नव्या छोट्या पिस्तुलाची जुळणी तिच्या हाताखाली होत होती. पिस्तूल बाजारात येऊन सहा आठवडे झाले होते आणि दुकानदार खोकीच्या खोकी परत पाठवत होते. दोन वाजता तिला इंजिनियर साहेबांना कारण सांगायचं होतं. नाही सांगितलं, तर साहेबांकडे कारण तयारच होतं: जुळणीवरच्या सात बायकांचा हात कच्चा. सातही जणींची कंत्राटं महिनाअखेरीस संपत होती.

तुल्लियोने त्याच कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. पिस्तुलाच्या फ्रेमवर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, बसवायची, हे त्याचं काम. या खोऱ्यातला निवृत्त फिटर पहिल्या खेपेतला नग स्वतःच्या परवान्यावर, पूर्ण किमतीला विकत घेतो. सवलत मागणं कमीपणाचं समजतात.

"दोनशे गोळ्या झाडल्या," तो म्हणाला. "तोंडावरचा काळा मुलामा उडाला. चापाच्या कड्याची शिवण बोटाला कापते. मॅगझीन तर दाढेसारखं उपटावं लागतं. हे सगळं गिळलं असतं मी. पण खडखड?"

"बाबा, शिव्या नंतर द्या. कानस मारून काही होतंय का बघा ना."

"सैल पडलंय त्याला कानस? कानस काढून घेते, नीवेस. भर नाही घालत."

तरी त्याने स्लाइड उतरवली. खणातून मायक्रोमीटर काढून फ्रेमची कड मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली.

"दोन पूर्णांक शहाण्णव मिलिमीटर. तीन हवी. चार शतांश कमी."

"शक्यच नाही. आम्ही एकूण एक फ्रेम मोजतो. डायलचा काटा बरोब्बर शून्यावर येतो."

"शून्य कशावर लावता?"

"कशावर म्हणजे? तुमच्याच तुकड्यावर. रोज सकाळी सहाला. बायका त्याला 'म्हातारा' म्हणतात. थंडीत मुठीत धरून ऊब देतात त्याला."

तुल्लियोने मायक्रोमीटर खाली ठेवला. चाळीस वर्षांपूर्वी त्याने माप लावण्यासाठी कडक पोलादाचे, बरोबर तीन मिलिमीटरचे दोन सारखे तुकडे बनवले होते. एक रोजच्या वापराचा. दुसरा कपाटात कुलूपबंद. दर वर्षी पहिला त्याच्याशी ताडून बघायचा. नऊ वर्षांपूर्वी तुल्लियो निवृत्त झाला, तेव्हा कारखान्याने तो दुसरा तुकडा अक्रोडाच्या फळीवर जडवून, खाली पितळी पट्टी लावून त्याला भेट दिला होता. फळी समोरच, फ्रिजच्या वर टांगलेली होती.

तो खुर्चीवर चढला. नीवेसने खुर्ची धरली. फळी टेबलावर घेऊन त्याने दोन स्क्रू काढले आणि तुकडा मोजला.

तीन. बरोबर तीन.

"म्हणजे म्हातारा झिजलाय," नीवेस म्हणाली.

"रोज पुसला, रोज शिकंज्यात धरला. झिजणारच."

"मग जुनी पिस्तुलं कशी नाही खडखडली?"

"ती आम्ही हाताने बसवायचो. सैल लागली तर ती स्लाइड ठेवून दुसरी घ्यायचो. तुमच्याकडे हाताला विचारतं कोण?"

नीवेस पितळी पट्टीकडे बघत राहिली. "हा तपासणीचा आहे, हे तेव्हा नाही बोललात?"

"टाळ्या चालल्या होत्या. तुझी आई रडत होती. म्हटलं, सोमवारी फोन करीन." त्याने थाळी बाजूला सारली. "सोमवारी नाही केला. मग केलाच नाही."

"मी नुसतं सांगते, तुकडा झिजला. तुमचं नाव नको."

"मग विचारतील, दुसरा कुठे गेला. म्हणतील, त्या सात जणींनीच हरवला. सांग, आमच्या घरी फ्रिजवर होता."

"निवृत्तांच्या क्लबात टर उडवतील तुमची."

"उडवू देत. मी काय कमी उडवली त्यांची?"

दीडचा भोंगा झाला. नीवेसने तुकड्याला हात घातला.

"उघड्या हाताने नको," तो म्हणाला. "घाम लागतो. रुमालात घे." मग खाली वाकून, एक हात टेबलावर टेकवून, तो बूट शोधू लागला. "आणि जरा थांब. तू सांगितलंस तर साहेब म्हणतील, पोरगी बापावर ढकलते. मीच येतो."