अंकिताचा दुखवटा

अंकिताच्या कॉलेजच्या गॅदरिंगचा व्हिडिओ तिच्या गावी, रोहण्यात, पोहोचायला एक रात्र पुरली. सकाळी मनोहरराव वांगी तोडत होते. त्यांचा साळा बंडूजी मोबाईल पुढे धरून थेट वाफ्यात शिरला.

"पाहा भाऊजी, तुमची डॉक्टरीन! माही बहीन जाऊन पाच महिने नाई झाले, अन् पोरगी घागरा घालून नाचून राह्यली."

अंकिताच होती. हसत होती. मनोहररावांचं डोकं सणकलं. बायको गोपिकाचं तेरावं झाल्यापासून ज्या घरात गोडाची कढई चढली नव्हती, त्या घरची पोर स्टेजवर उड्या मारते!

"चाल. घेऊनच येऊ तिले. नाई झाली डॉक्टर तरी चालते."

आर्वीहून एसटीने दोघं वर्ध्याला, तिच्या मेडिकल कॉलेजात पोहोचले. होस्टेलच्या भेटीच्या खोलीत अंकिता आली, अंगात पांढरा ॲप्रन. मागे तिची रूममेट नयन.

"सामान भर," मनोहरराव म्हणाले.

"काऊन, बाबा?"

"वरून काऊन म्हनतं? माय गेली अन् तू नाचतं?"

नयनच बोलली, "काका, मी नेलं तिला ओढून. घागरा माझा होता. आम्ही सिनेमाला जायचो, रात्री गेटवर चहाला जायचो, ही दार लावून बसायची. धड जेवायची नाही. पुस्तक उघडं, डोळे भिंतीकडे. सर म्हणाले, अशानं नापास होईल. मग आम्ही पोरींनी हिला नटवलं, तोंडात जिलेबी कोंबली आणि नाचायला उभं केलं."

"तुमाले कोनं सांगतलं होतं?" बंडूजी ओरडला. "दुखवटा असते आमच्यात!"

"माहा दुखवटा काढला कोनं, मामा?" अंकिता म्हणाली.

तेराव्या दिवशी, तेरवीला, मामानं भाचीला नवे कपडे द्यायचे, आपल्या हातानं गोड घास भरवायचा, मग तिचा दुखवटा उतरतो. त्या दिवशी अंकिताची परीक्षा होती, ती वर्ध्यातच राहिली. मनोहररावांना टोपी-दुपट्टा मिळाला. तिचे कपडे राहिले, घास राहिला.

"गडबडीत राहून गेलं," बंडूजी पुटपुटला.

"गडबड?" मनोहरराव उसळले. "पंगतीत तू बुंदी मांगत होता तवा होती का गडबड? मोबाईल घेऊन माह्या वावरात याले तुले सवड भेटली. पोरीले एक घास द्याले इथं याले नाई भेटली?"

"भाऊजी, पोरींसमोर तरी..."

"पोरींसमोरच! या परक्या पोरींनी तुहं काम केलं. कपडे घातले, तोंड गोड केलं. अन् तू तिचं शिक्षन तोडाले निघाला. मीबी तुह्यामागं निघालो, येड्यावानी!"

"आत्ता बजारातून ड्रेस आनतो," बंडूजी उठला.

"नको, मामा. झालं ते." अंकितानं घड्याळ पाहिलं. "बाबा, सामान भरू का वॉर्डात जाऊ?"

"वॉर्डात जा," मनोहरराव म्हणाले. आवाज अजून कडकच होता. "अन् जेवत जाजो."

परतीच्या एसटीत बंडूजी शेजारी बसायला आला.

"मागं जाऊन बस," मनोहरराव म्हणाले, आणि आर्वी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.