भीमाचं पोट

सन दोन हजारच्या बोहाड्यात भीम खाली बसला, ही गोष्ट खोडाळ्यात अजून सांगतात. तो भीम मीच असल्यामुळे मला ती कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती, तरी सांगतात.

बोहाडा हा आमच्याकडचा देवीचा उत्सव. एकेका घराण्याकडे एकेक सोंग असतं. मुखवटा चढवायचा आणि संबळ-सनईवर नाचत आळीच्या टोकापासून देवळापर्यंत जायचं. भीमाचं सोंग आमच्या घरात तीन पिढ्या आहे. गावाचा नियम एकच, मुखवटा चढला की उतरेपर्यंत टेकायचं नाही. देव बसत नाहीत. राक्षसही बसत नाहीत. मी धाप लागून किराणा दुकानाच्या ओट्यावर बसलो. तिकडे देवळापुढे बकासुर दंड थोपटून माझी वाट बघत होता आणि इकडे त्याला मारायला निघालेला भीम, मुखवटा कपाळावर सरकवून, लिंबू सरबत पीत होता.

दुसऱ्या दिवशी पंचातले थोरले बुधादादा घरी आले. त्यांनी चहा घेतला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"बळवंता, एक साल माफ. पुढल्या बोहाड्याला बसलास, तर भीम तुळशीदासाकडं."

तुळशीदास माझा चुलतभाऊ. बकासुर त्याच्याकडे. वजन अठ्ठेचाळीस किलो. खातो तिघांचं आणि दिसतो उपोषणाच्या सहाव्या दिवशीच्या माणसासारखा. माझ्या आजाने आणि बापाने अंगावर मिरवलेलं सोंग या काडीवर चढणार, हे मला सोसणारं नव्हतं.

मी जव्हारला सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. जायला एस.टी., यायला एस.टी., मधले आठ तास खुर्ची. वजन शहाण्णव. तरी वर्षातले आठ महिने मी बोहाडा लांब आहे या विचारात काढले आणि मार्गशीर्षात जव्हारच्या डॉक्टर हर्षदा मॅडमकडे गेलो. मॅडम नवीन होत्या, म्हणून अजून समजावून सांगत.

"हे बघा भाऊसाहेब, सोपं आहे. अन्नातून कॅलरी येतात, हालचालीत जळतात. खाल त्यापेक्षा जास्त जाळायचं. साखर बंद."

त्यांनी एक तक्ता दिला. बटाटावडा अडीचशे. साखरेचा चहा ऐंशी. तासभर भरभर चालणं तीनशे. तक्ता वाचून मला हायसं वाटलं. नियम समजले की त्यातून वाट काढणं हे तर माझं पंचवीस वर्षांचं काम. तासभर चालणं म्हणजे मला अर्जित रजेसारखं वाटलं. आधी साठवायची, मग वापरायची. सकाळी तासभर चाललो की डेपोसमोरचा एक वडा हक्काचा, वर पन्नास कॅलरी शिल्लक. साखर बंद म्हणून त्या महिन्यातला साखरशेतचा दौरासुद्धा मी सहकाऱ्याला दिला. उगाच नावाचाही धोका नको.

पण चालण्यात एक अडचण निघाली. आमच्याकडे माणूस चालतो, मैलोन्‌मैल चालतो. पण कुठेतरी जायला चालतो. नुसतं चालायला कुणी चालत नाही. मी पहाटे पांढरे बूट घालून निघालो की पहिल्याच घरातून हाक येई.

"भाऊसाहेब, गाडी चुकली काय?"

"नाही हो, असाच. फिरायला."

"असाच कसा? घरी काय झालं?"

मग आत बोलावणं. नाही म्हणालो तर खरंच घरात भांडण झालंय, असं गावभर होणार. म्हणून बसायचं. चहा. पाहुण्याचा चहा, म्हणजे साखर मोजून नाही, मनापासून. पुढच्या घरी सकू मावशी, तिच्याकडे चहाबरोबर तळलेले पापड. घरं चुकवून डांबरी रस्त्याला लागलो तर जीप थांबायची. आत आधीच सोळा माणसं, तरी सतरावी जागा व्हायची. "सायेब पायी चाललेत, बरं दिसतं का?" दोनदा तर मला ओढून आत घेतलं आणि मोखाड्याला उतरवलं. परत यायला एस.टी. केली.

महिन्याने डॉक्टरांच्या काट्यावर उभा राहिलो. साडेसत्त्याण्णव.

मॅडमनी तक्ता उलटसुलट पाहिला. "रोज तासभर चालता? नक्की?"

"एक दिवस चुकला नाही."

"वाटेत काही खाता?"

"मी खात नाही, मॅडम. लोक खाऊ घालतात."

घरी आल्यावर माझी बायको चंद्रकला म्हणाली, "अहो, एवढा खटाटोप कशाला? तुळशीदास भाऊजींना देऊन टाका भीम. तुम्ही बकासुर घ्या. तिथं नुसतं उभं राहून खायचंच असतं."

बाई गंभीरपणे बोलत होती. तेच जास्त लागलं.

त्याच रविवारी गंगी आत्या आली. बापाची धाकटी बहीण, सत्तरीची, आमच्या घराला लागून तिचं घर, आणि टेकडीपलीकडे तिचं शेत. तिने ओट्यावरून माझे पांढरे बूट पाहिले.

"बळ्या, हे काय पायात?"

मी तिला कॅलरी समजावून सांगितली. खायचं किती, जाळायचं किती, तक्त्यासकट. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी जाळायचंच हाय ना तुला? मग माझा राब जाळू लाग. टाळ वाहायला माणूस मिळना मला."

भात पेरायच्या आधी आमच्याकडे जमीन भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांची छाटलेली टहाळं, म्हणजे आत्या म्हणते तो टाळ, थरावर थर रचायची आणि पेटवायची. तो राब. डोंगरावरून टहाळं तोडून आणायची आणि त्यांचे भारे डोक्यावर शेतापर्यंत वाहायचे, हे माघापासूनचं काम. मी लहानपणी केलं होतं. नोकरी लागल्यावर ते हलकं काम वाटू लागलं. कदाचित म्हणूनच मी जड झालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याने माझ्या डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ ठेवली, तिच्यावर अंगणातल्या ढिगातला एक भारा चढवला आणि म्हणाली, "चल. आन्‌ ते बूट काढ, घसरशील."

मी भारा घेऊन आळीतून निघालो. पहिलं घर आलं. घरवाला दारात दात घासत होता. मी वाट पाहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं, रस्त्यातली बादली पायाने बाजूला केली आणि म्हणाला, "चला, चला."

एवढंच. गाडी चुकली का नाही, घरी काय झालं नाही, चहा नाही.

दुसऱ्या घरी सकू मावशी. ती तोंड उघडणार, तोच भारा पाहून तिने नातवाला मागे ओढलं. "वाट दे रं, भाराय." डांबरी रस्त्यावर जीप आली, हॉर्न वाजवला आणि बाजूने निघून गेली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. डोक्यावर भारा असलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी थांबवत नाही. थांबला तर भारा खाली उतरवावा लागतो, आणि परत चढवायला दुसरा माणूस लागतो. म्हणून कुठे चाललास असं विचारणंसुद्धा पाप. रिकाम्या डोक्याच्या माणसाला गाव पाजतं. भरल्या डोक्याच्या माणसाला गाव वाट देतं. हे डॉक्टरांच्या तक्त्यात नव्हतं.

पहाटे दोन खेपा, मग एस.टी. सुट्टीच्या दिवशी सहा. दुपारी आत्याच्या शेतावर नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर, लाल चटणी आणि उडदाचं पातळ वरण. दुसरी भाकर मागितली तर आत्या म्हणायची, "अजून दोन खेपा हायेत, पोट भरलं तर चढ चढवंल का?" डॉक्टर मॅडम जे महिनाभर इंग्रजीमिश्रित मराठीत सांगत होत्या, तेच हे. फक्त इथे न ऐकून चालत नव्हतं, कारण चढ खरोखरच समोर होता. वड्याची रजा मी तहकूब केली. भुकेवर चढ चढता येतो, वड्यावर येत नाही; प्रयोग करून पाहिला आहे.

फाल्गुनात नव्वद. चैत्रात पंच्याऐंशी. मॅडमनी काटा दुसऱ्या खोलीतून आणवून पुन्हा मोजलं.

"भाऊसाहेब, काय केलंत?"

"राब."

त्यांनी ते वहीत इंग्रजीत कसं लिहिलं, मला माहीत नाही.

बोहाडा आला. भीमाची पाळी दरसाल उजाडताना. मी कपडे चढवले तर कंबरेचा पट्टा सरळ गुडघ्यावर आला. बुधादादा माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हा कसला भीम? हा तर नकुल."

तुळशीदास, बकासुराचे दात लावून, बाजूलाच उभा होता. "दादा, दोघंही वाळके दिसलो तर लोक म्हणतील दुष्काळाचं सोंग हाय."

"पोटाबिगर भीम पंच चालवून घेणार नाहीत," बुधादादा म्हणाले. "सोंग म्हंजी सोंग."

मी आत्याकडे पाहिलं. ती घरात गेली, भाताच्या पेंढ्याने भरलेलं पोतं घेऊन आली आणि माझ्या पोटावर दोरीने आवळून बांधलं. वर पट्टा. बुधादादांनी त्यावर एक थाप मारली. "आता हाय." सुटलो म्हणत मी मुखवटा चढवला.

संबळ वाजला. वर लाकडाचा मुखवटा, पुढे पेंढ्याचं पोट, आणि मी नाचत निघालो. किराणा दुकानाचा ओटा आला. वाणी दाराशी सरबताचा पेला घेऊन उभाच होता, आणि मागे अर्धं गाव, भीम बसतो का ते बघायला. मी ओट्यासमोर गेलो, तिथेच दोन गिरक्या जास्त घेतल्या आणि पुढे निघालो.

मागून सकू मावशीचा आवाज आला, "वाट द्या रं, भाराय!"

देवळापुढे तुळशीदासाला मी अगदी रीतसर मारलं. तो पडला, गावाचं समाधान झालं, आणि पंचांनी सोंग आमच्याकडेच राहू दिलं. बुधादादांनी घरी येऊन चहा घेतला. त्यांनी साखर मागितली. मी बिनसाखरेचा घेतला.

पोट आता पडवीतल्या खुंटीला टांगलेलं आहे. वर्षातून एक दिवस लागतं. बाकीचे दिवस ते तिथेच बरं.