अकिझुकीची करंगळी

बेसबॉल हा खेळ मला आजही कळत नाही, आणि कळून घ्यायची हौसही उरलेली नाही. पण अकिझुकी नावाच्या एका जपानी माणसाचा उजवा हात मला स्वतःच्या हातापेक्षा जास्त ओळखीचा आहे. तो चेंडू असा फेकायचा की आपल्याकडच्या अंपायरने पहिल्याच चेंडूला नो-बॉल दिला असता. तिकडे मात्र त्यालाच पिचर म्हणतात आणि त्याच्यासाठी अमेरिकेतले क्लब एकमेकांच्या उरावर बसले होते.

गोष्ट २००५च्या नोव्हेंबरातली. आम्ही तेव्हा जर्मनीत कायझर्सलाउटर्नला राहत होतो. पुढच्या उन्हाळ्यातल्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी अर्धं गाव खणून ठेवलं होतं आणि आमच्या लेकीला, अन्वीला, किंडरगार्टनला सोडायला रोज नव्या रस्त्याने जावं लागायचं. माझा नवरा दत्ता डॉक्टरेट संपवून त्याच्याच प्रोफेसरांच्या, म्हणजे हेनिंगांच्या, छोट्याशा फर्ममध्ये लागला होता. माणूस हलतो कसा हे व्हिडिओवरून मोजायचं आणि कुठल्या सांध्यावर किती ताण येतो ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. आधी गिऱ्हाईक म्हणजे गुडघे बदललेले म्हातारे. मग जवळच्या अमेरिकन लष्करी तळावरच्या एका अधिकाऱ्याने ते काम पाहिलं आणि आपल्या ओळखीतल्या एका बेसबॉल क्लबच्या कानावर घातलं. क्लबने अकिझुकीच्या अख्ख्या मोसमाचं रेकॉर्डिंग पाठवून एकच विचारलं, की या माणसाचा हात टिकेल का.

अशा खेळाडूला मिळवायची रीत दत्ताने मला एकदा जेवताना समजावली. ज्याला तो हवा आहे त्या प्रत्येक क्लबने एकच आकडा बंद पाकिटात द्यायचा. दुसऱ्याने किती लिहिलं ते कुणालाच कळत नाही. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा त्याला खेळाडूशी महिनाभर बोलायचा हक्क. बोलणं जमलं, डॉक्टरी तपासणी पार पडली, तर सही. नाहीतर पैसे द्यायचे नाहीत आणि खेळाडू मुकाट्याने परत जपानला.

मी म्हटलं, हे आपल्याकडच्या मुली बघण्यापेक्षाही वाईट आहे. दत्ता हसला, पण वरवर. त्याचा करार डिसेंबरअखेर संपत होता. आपला क्लब जिंकला तर पुढच्या तीन वर्षांचं काम मिळेल, असा त्याचा हिशेब होता. नाही जिंकला तर बाडबिस्तरा आवरायचा आणि पुण्याला जायचं.

आता माझं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलंय. पुण्यात मी सहा वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. खांदा, कोपर, मनगट ही माझी खासियत. तिथे गेल्यावर मी कुणीच नव्हते. माझी पदवी मान्य करून घ्यायला, ज्याला तिथे आनेरकेनुंग म्हणतात, मी तीन वर्षं ऑफिसांचे उंबरे झिजवले. एकच मार्कशीट तीनदा भाषांतर करून दिली. शेवटी त्या ऑक्टोबरात पत्र आलं, की एखाद्या क्लिनिकमध्ये सहा महिने प्राक्टिकुम, म्हणजे उमेदवारी, करा, मग तुम्ही फिजिओ. मला क्लिनिकही मिळालं, फेब्रुवारीपासून. फक्त माझा व्हिसा दत्ताच्या नोकरीला बांधलेला होता. ते पत्र मी फ्रिजवर लावलं आणि दिवसातून दहा वेळा उगाचच फ्रिज उघडत राहिले.

काम इतकं आलं की दत्ताला एकट्याने उरकेना. प्रत्येक फेकीचा एक तुकडा कापायचा होता. पाय उचलल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा भाग ठेवायचा, दोन फेकींमधला सगळा भाग बाजूला काढायचा. सॉफ्टवेअरला तेवढंच लागतं. मी म्हटलं, आण इकडे, मी घरीच तर बसलेली असते. हेनिंगांना विचारायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सासरे मुनीम होते. त्यांच्या वह्यांवर रेघा सासूबाई ओढायच्या आणि त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटायचं नाही.

म्हणून अकिझुकीचं जे कुणीच बघत नव्हतं, ते मी बघितलं. दोन फेकींच्या मधला अकिझुकी.

सुरुवातीला मी फक्त त्याच्या शिस्तीवर खूश होते. टोपी नीट करायचा, खांदे सैल सोडायचा. हाताला पकड यावी म्हणून जमिनीवर पांढऱ्या पुडीची एक पिशवी ठेवलेली असते, ती उचलायला वाकायचा. मग ऑगस्टमधल्या एका सामन्यात, तो वाकलेला असताना, मला त्याचा हात दिसला. अंगठ्याने तो करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चोळत होता. दोन्ही बोटं ताणून फाकवत होता. मग हात मांडीशी नेऊन हळूच झटकला आणि उभा राहिला. चेहऱ्यावर काहीही नाही.

कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती नस. त्याचं कोपर आतल्या बाजूने सैल पडत होतं आणि नस दाबली जात होती. असे हात मी पुण्यात कितीतरी हाताळलेत. ऑगस्टमध्ये तो सामन्याच्या शेवटाकडे बोटं चोळायचा. सप्टेंबरमध्ये निम्म्यातच. ऑक्टोबरमध्ये पहिल्या दहा फेकींतच. आणि तरीही प्रत्येक फेक आधीच्या फेकीसारखी हुबेहूब. माणूस दुखणं गिळून फेकत होता, म्हणून मोजणाऱ्या यंत्राला काहीच सापडत नव्हतं.

मी न राहवून त्या तुकड्यांचं वेगळं फोल्डर केलं. शेजारी एक फाइल उघडून पेशंटची लिहावी तशी केस लिहिली. तारीख, कितवी फेक, काय दिसलं, निदान, सल्ला. तीन वर्षांनी केस लिहीत होते. मला इतका आनंद झाला की आज त्याची लाज वाटते. त्या संध्याकाळी दत्ताला सांगायचंच, असं ठरवूनच मी पोळ्या लाटायला घेतल्या.

दत्ता आला तो उड्या मारतच. आकडे स्वच्छ आले होते. हात उत्तम, तीन वर्षं आरामात टिकेल. हेनिंग दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवणार होते आणि क्लब पाकिटात मोठा आकडा घालणार होता. त्याने अन्वीला उचलून गोल फिरवलं. मग हात धुताना, अगदी सहज, मला विचारलं, "तू फिजिओ आहेस. तू इतकं बघितलंस त्याला. तुला काही वेगळं दिसलं का?"

माझी पाठ फ्रिजकडे होती, पण ते पत्र मला दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "छान आहे हात."

तेवढ्यात अन्वी मध्ये आली. माझ्या शेजारी बसून तीही ते तुकडे बघायची. तिने पाय उचलला, खोटा चेंडू फेकला, आणि मग खाली वाकून अंगठ्याने करंगळी चोळली. दत्ता हसून म्हणाला, हे काय गं? ती जर्मनमध्ये म्हणाली, तो नेहमी असंच करतो. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. दत्ताने तिच्या केसांतून हात फिरवला आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

मी मनाची समजूत घातली. पुढे डॉक्टर तपासणारच आहेत, मग माझ्या न सांगण्याने काय बिघडणार? आणि ज्याने काम दिलंय त्याला हवं ते उत्तर मिळालं की तो खूश राहतो, हे तर लहानपणापासून बघत आले होते. शिवाय तो बिचारा स्वतःच लपवतोय, मी कोण त्याला उघडं पाडणारी, असाही एक उदात्त विचार मी करून घेतला. खरं एकच होतं. मला फेब्रुवारी हवा होता.

क्लब जिंकला. हेनिंगांनी ऑफिसात झेक्टची, म्हणजे तिकडच्या शॅम्पेनची, बाटली फोडली. सही झाली की तुझाही नवा करार, असं त्यांनी दत्ताला सांगितलं. मी पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आले, क्लिनिकमध्ये घालायला.

महिना संपायच्या आधी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अकिझुकीचं कोपर तपासलं. आतला बंध अर्ध्याहून अधिक फाटलेला होता. क्लबने बोलणी मोडली. जगभर बातमी झाली की अकिझुकीने दुखणं लपवलं. टोकियोच्या विमानतळावर तो पत्रकारांपुढे कमरेत वाकून उभा राहिला, कितीतरी वेळ. ती चित्रफीत मी इंटरनेटवर पाहिली. हात अंगाशी सरळ सोडले होते, आणि उजवा अंगठा करंगळी चोळत होता. आता लपवायची गरज नव्हती. तो पुढे कधी खेळला की नाही ते मी शोधलं नाही. माझी हिंमत नाही.

हेनिंगांनी दत्ताला पुन्हा सगळं रेकॉर्डिंग तपासायला सांगितलं, कापलेल्या भागांसकट. रविवारची दुपार होती. दत्ता आतल्या खोलीत बसला होता आणि मी बाहेर अन्वीचे कपडे घड्या करत होते. ते फोल्डर मी पुसलं नव्हतं. का नाही पुसलं? तीन वर्षांत केलेलं माझं एकमेव काम होतं ते. ते पुसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

बराच वेळ माउसचा आवाज येत राहिला. मग तो थांबला. मी आत गेले. पडद्यावर माझी केस उघडी होती, वर नोव्हेंबरची तारीख. ज्या संध्याकाळी मी त्याला नाही म्हटलं, त्याच दिवसाची.

दत्ता ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी तुला विचारलं होतं, शुभा."

"हो."

"अन्वीलासुद्धा दिसलं होतं."

मग त्याने मला हेनिंग शुक्रवारी काय म्हणाले ते सांगितलं, खालच्या आवाजात, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. हो म्हणणारे क्लबकडे आधीच छप्पन्न होते. त्यांना नको म्हणणारा एक माणूस हवा होता. हा हात जाणार, एवढं एक वाक्य आम्ही लिहिलं असतं तर क्लबने आम्हाला दहा वर्षं सोडलं नसतं.

मी खाली बसले. फरशी गार होती. त्या एका वाक्याची माझ्याकडे अख्खी फाइल होती, तारीखवार.

सोमवारी दत्ताने हेनिंगांना सांगितलं, "तुकडे मीच कापले आणि माझ्याकडूनच सुटलं." माझं नाव त्याने घेतलं नाही, फाइलही दाखवली नाही. त्याचा करार संपला. क्लिनिकला मी कळवलं की येऊ शकत नाही. त्यांनी दोन ओळींत शुभेच्छा दिल्या. बूट न वापरता परत केले.

पण हे नंतरचं. त्या रविवारी दत्ता कितीतरी वेळ ती केस वाचत बसला होता. वरपासून खालपर्यंत, एकेक फेक, पूर्वी पुण्यात माझे सर माझ्या केसेस वाचायचे तसं. शेवटच्या ओळीशी आल्यावर त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. त्याच्या आवाजात राग नव्हता. होतं ते कौतुकच होतं, आणि ते मला अजून सहन होत नाही.

"निदान अगदी बरोबर होतं तुझं," तो म्हणाला.

त्या देशात हे मला कुणीतरी म्हणावं म्हणून मी तीन वर्षं थांबले होते.